तुझ्या चौकोनात

प्रिय मृणाल,

पिशवी नंतर उघड, आधी हे वाच. तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून गाठ घट्ट मारली आहे.

इकडे सगळं ठीक आहे. सामरवरणीच्या वळणावर नवी बिल्डिंग उभी राहतेय, तिची धूळ आपल्या खिडकीत येते. कारखान्यात मला या महिन्यात सकाळची पाळी आहे. पॅकिंगमधल्या बायका रोज विचारतात, "बेटी कब आएगी?" मी सांगते, मामाकडे नाशिकला आंबे खातेय, सुट्टी संपली की येईल. खातेस ना आंबे? फोनवर तू हो आणि नाही एवढंच बोलतेस, म्हणून विचारावं लागतं.

खो-खोच्या संघनिवडीच्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. सरांनी पंधरा नावं वाचली. पंधरावं सुरंगी गावच्या सोनीचं होतं. मग ते थांबले आणि सोळावं तुझं वाचलं, राखीव म्हणून. त्यांना वाटलं, तेवढंच बरं वाटेल पोरीला. पण राखीव मुलीला गाडीत जागा नसते. तिनं घरी बसून कुणाचा तरी पाय मुरगळायची वाट बघायची. तू टाळ्या वाजवल्यास, सोनीला मिठी मारलीस. स्कूटीवर मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला नाहीस. मागचा कॅरियर धरून बसलीस. वाटेत उसाचा रस घेऊया का विचारलं, तर म्हणालीस, "तू घे." मी एकटीनं कधी रस प्यायलेय गं? सरळ घरी आलो.

तेव्हा काय बोलावं ते मला सुचलं नाही. तुझ्या पप्पांना सुचलं असतं. ते पहिल्या पाळीहून यायचे आणि चहाही न घेता खाली पार्किंगमध्ये उकिडवे बसायचे, तुला खो द्यायला पाठ हवी म्हणून. गुडघ्यामुळे त्यांना उठता यायचं नाही. तू खो दिलास की बसल्या बसल्या ओरडायचे, "हळू कसला देतेस? पाठ आहे, पापड नाही!" वॉचमन हसायचा. मी गॅलरीतून बघायचे, चहा गार होतोय म्हणून हाका मारायचे. आता चहा गार होत नाही. एक कप होतो आणि लगेच पिऊन होतो.

तू गेल्यावर घरातली वाचायची पुस्तकं संपली. मग तुझ्या कपाटातलं खो-खोच्या नियमांचं पुस्तक काढलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण हाती येईल ते वाचायची सवय तुझ्या पप्पांनी लावली. रद्दीतून मासिकं आणायचे. इतकी वर्षं मी मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. सगळ्या पळतात, एवढंच दिसायचं.

आणि गेल्या रविवारी काय झालं ऐक. सोनी दारात. संघाचा सराव होता, दोघी मुली तापानं आडव्या, बसायला पाठ कमी पडत होती, म्हणून तुला न्यायला आली होती. तू नाशिकला गेलीस हे तिला माहीतच नव्हतं. मग म्हणाली, "तो आंटी, आप चलो ना. सिर्फ बैठना है." मी म्हटलं, अगं वेडे, माझं वय काय! तर म्हणते, "बैठने की क्या उमर, आंटी?"

गेले. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि तुझ्या चौकोनात बसले. पुढे भिंत, मागे पळणाऱ्या पावलांचा आवाज. मागे बघायचं नाही, हे मला माहीत होतं. पावलं जवळ आली, पाठीवर जोरात हात पडला आणि सोनी ओरडली, "खो!"

मृणाल, मी उठलेच नाही. फार दिवसांनी पाठीवर हात पडला होता. सगळ्या ओरडत होत्या, "आंटी, उठो, उठो!" आणि सोनी माझ्या मागे तशीच उभी, धापा टाकत. मी उठल्याशिवाय तिला बसायला जागा नव्हती. मग मुली इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. येताना सोनीनं रस पाजला. मी प्यायले. पैसे तिनं देऊ दिले नाहीत.

त्या रात्रीच हृषीमामाचा फोन आला. त्यानं सगळं सांगितलं. त्याच्यावर रागवू नकोस. तू रोज पहाटे तिथल्या मैदानावर जातेस, अनवाणी. तिथल्या खो-खो शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, जूनपासून नाशिकलाच शाळेत नाव घाल, वर्षभर खेळ. आपल्याकडे निवडीच्या आधी महिनाभर तेवढं मैदान जागं होतं, हे मलाही दिसतं. तू मामाला म्हणालीस, "आईला सांगू नका, ती एकटी पडेल." मला वाटत होतं, तू हरलीस म्हणून बोलत नाहीस.

फोनवर मी हे सांगितलं असतं, तर तू माझं वाक्य तोडून "नको, मी येते" म्हणाली असतीस. पत्राचं वाक्य तोडता येत नाही. मामाला मी हो म्हटलंय. तिथे संघात येणं इथल्यापेक्षा अवघड आहे, तेही लक्षात ठेव. कदाचित तिथेही तू सोळावी होशील. सोळावी तर सोळावी, हो.

पिशवीत तुझे बूट आहेत, पलंगाखाली मागे ढकलून ठेवलेले. मी धुतलेत, नाड्या नव्या घातल्यात. पुस्तकात लिहिलंय, खो मिळाल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. देणारीनं पाठीमागून द्यायचा आणि उठलेलीच्याच जागी बसायचं. उठलेलीनं मध्येच मागे फिरायचं नाही. खांबाला वळसा घातला की मग परत येता येतं. आणि खो मोठ्यानं द्यायचा, नाहीतर तो धरत नाहीत. मला ओरडता येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात, एका ओळीवर एकटाच लिहिते.

खो.

तुझ्या जागेवर बसलेली, तुझीच
आई