पावणेतीन, तीन, साडेतीन

आई, बांगडी भरताना माप कुणाला विचारायचं? जिच्या हातात जाणार तिला, की शेजारी पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला? मला याचं उत्तर येत नाही. तू होतीस तेव्हा येतं असं वाटायचं.

मी सध्या कॅनडात, किचनरला, शिकारीच्या सामानाच्या दुकानात काम करते. हसू नकोस. घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि काउंटरवर बंदुका विकते. दुसरीकडे अप्लाय करणं चालू आहे, तोवर हे. त्यासाठी कोर्स केला, लायसन्स काढलं आणि माझ्या सवयीप्रमाणे मिळेल ते वाचून काढलं. इथे वसंत आला की लोक रानटी टर्की पक्ष्यांच्या शिकारीला जातात. त्यासाठी बंदूक घेताना चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी ठरवावी लागते. पावणेतीन इंच, तीन किंवा साडेतीन. आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस उडवणं धोक्याचं, लांब चेंबरमध्ये आखूड चालतं. म्हणून साडेतीनच घ्यावी, असं पुष्कळजण म्हणतात. पण साडेतीनचं काडतूस उडालं की खांद्याला असा दणका बसतो की बारीक माणूस पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. टर्कीला तीन पुरतं की नाही, यावर तर रोज वाद ऐकते. तुझं बांगड्यांचं दोन-चार, दोन-सहाचं माप बरं होतं. हात दाबून पाहिलास की तुला कळायचं.

परवा एक बाप लेकीला घेऊन आला. कॉलेजातली मुलगी, मनगटं माझ्यासारखीच काटकुळी, पहिलीच शिकार. त्याने साडेतीनची बंदूक काढायला लावली आणि साडेतीनच्याच काडतुसांचा बॉक्स काउंटरवर ठेवला. मी म्हटलं, "बंदूक ही असू दे, पण सुरुवातीला काडतुसं तीनची घ्या. हिचा खांदा दुखेल."

"तू आजवर किती टर्की मारल्यास?" त्याने हसत विचारलं.

"एकही नाही."

"मग झालं तर! किडो, तुला काही प्रॉब्लेम?"

मुलीने बंदूक खांद्याला लावून पाहिली होती, लगेच खाली घेतली होती. मी तिलाच विचारलं, तुला कोणती काडतुसं हवीत? ती बापाकडे न बघता म्हणाली, "आय ॲम ओके."

आणि मी तिथेच अडले, कारण मला ती नवरी आठवली. मी कॉलेजात, तुझी बांगड्यांची पेटी धरून बसलेय. होणारी सासू म्हणतेय, "घट्टच भरा हो, सैल बांगडी नवरीला शोभत नाही." नवरीचे डोळे भरलेत. तू विचारतेस, "पोरी, दुखतंय का?" ती मान हलवते, नाही. तू भरत राहतेस. एक बांगडी फुटते, हाताला लागते, तू पदराने रक्त पुसतेस आणि पुढची घेतेस. वाटेत मी तुझ्याशी भांडले. "दिसत होतं ना तुला!" तू चालता चालता म्हणालीस, "ती नाही म्हणाली. तिच्या तोंडचं मी कसं काढून घेऊ? शिकलीस म्हणून सगळ्यांच्या वतीनं तूच बोलणार होय गं?" मी रडले होते. तू समजूत काढली नाहीस.

तेव्हा मला वाटलं, तू गिऱ्हाइकाला घाबरलीस. आता वाटतं, तू त्या पोरीचा शब्द राखलास. उद्या पुन्हा पहिलंच वाटेल. तिथे एक बांगडी फुटली, इथे ती मुलगी पहिल्याच बाराला घाबरून बापाबरोबर शिकारीला जाणंच सोडून देईल. पण ती ओके म्हणाली होती, आई. माझ्या तोंडावर म्हणाली होती.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे! तू असतीस तरी कदाचित टाकलं नसतं, कारण तुला काय वाटलं असतं हे ऐकायची मला अजून भीती वाटते. मी त्यांना बंदूक दिली, साडेतीनची. काडतुसांचा तो बॉक्स मात्र उचलून मागच्या शेल्फवर ठेवला, तीनचा पुढे केला आणि म्हटलं, "आमच्याकडे सध्या हेच आहेत." बाप शेल्फकडे बघत राहिला. मुलीने पटकन तीनचा बॉक्स पिशवीत टाकला.