गाडीतली खिडकीची जागा

शनिवार, दिवेलागण. हौगांग, सिंगापूर.

पॅरिसच्या सहलीला जोडून दोन दिवस फ्रान्समधले द्राक्षमळे बघायचं ठरलं. मीच हौसेनं म्हणालो, गाडीत खिडकीची जागा माझी. मग माणसं मोजली. मुलगा, सून, नात आणि मी. चौघंच.

"अरे, आणि तुझी आई?"

"बाबा, तिला हल्ली आपण कोण तेही आठवत नाही. तेवढे दिवस केअर सेंटरमध्ये राहील."

नात तिच्या सिंगापुरी ढबीत म्हणाली, "आजीला कळणारच नाही, लाह."

मला कळेल, त्याचं काय? तसाच उठलो. खोलीत आलो, तर हिनं पलंगावर दोघांचे स्वेटर घड्या करून ठेवलेले.

"खिडकीशी मी बसणार हं, मला गाडी लागते."

"बरं," म्हणालो. उद्या मुलाला सांगतो, तुम्ही तिघंच जा. सांगेन ना मी?