गोल दांडीचं बिट

३ नोव्हेंबर, सोमवार

चारुताला बोलता येतं. तिच्याकडे एवढंच आहे, आणि एवढंच पुरतं असं दिसतंय.

आज स्टोअरच्या दारात ती कुशलभाईशी हिंदीत गप्पा मारत होती. हे आमचे सगळ्यात जुने ड्रिलवाले. माझ्याशी 'जी मॅडम'च्या पलीकडे कधी गेले नाहीत. तिला मात्र बहिणीच्या लग्नाची सगळी हकिकत! ती कामाला लागून महिनासुद्धा झालेला नाही. केळव्याची आहे. घरची सुपारीची वाडी, बाबा मास्तर, आजोबासुद्धा बी. ए. त्यांच्या घरात पदवी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्याकडे माझं प्रमाणपत्र देवाशेजारी लावलंय आणि आई त्यालाही उदबत्ती ओवाळते.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर ड्रिलची बिटं पुसली. हे लिहून ठेवते, कारण हे काम माझं आहे आणि तसं दुसरं कोणी म्हणणार नाही.

आमचं काम कारखान्यांच्या भिंतींना भोकं पाडून पाइपांचे आधार बसवायचं. मी स्टोअरला लागले तेव्हा तारापूरच्या साइटवरून हॅमर मशिनी परत यायच्या त्या बिट आत अडकूनच. बिटाच्या मागच्या दांडीला खाचा असतात. ती मशीनच्या तोंडात पुढेमागे सरकत ठोके खाते. कोरडी असली की तापते, झिजते, अडकते. पोरं इंजिन ऑइल लावायची. ते पातळ, तापलं की वाहून भोकात उतरतं आणि मग बोल्ट धरत नाही. बाबा म्हणाले, "बोटीच्या शाफ्टाला लावतो तो डबा ने की, ग्रीस तो ग्रीस." नाही. तो खाऱ्या पाण्यासाठी बरा. इथे हवं ते ठोका आणि उष्णता दोन्ही सोसणारं, दाट, लावलं तिथेच राहणारं. मी रसायनशास्त्र काय फक्त परीक्षेपुरतं शिकले?

बिटांसाठीच बनवलेलं ग्रीस मागवा म्हणून आमचे मॅनेजर केदार सर, त्यांच्या मागे लागले. आता आधी फडकं, मग ग्रीस, कारण धुळीत ग्रीस मिसळलं की त्याची कानस होते. वाटाण्याएवढं घ्यायचं, दांडीवर पातळ पसरायचं. टोकाला अजिबात नाही.

तेव्हापासून मशीन अडकत नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. न अडकलेली मशीन कोणाला दिसते?

८ नोव्हेंबर, शनिवार

केदार सरांनी बोलावलं. ज्यांचं काम करतो त्या कारखान्याचे साहेब शुक्रवारी येणार. त्यांच्यासमोर ड्रिलवाल्यांना ग्रीसचं प्रात्यक्षिक दाखवायचं. चांगलं झालं तर सगळ्या साइटवर शिकवायला एक कायमची जागा निघणार.

माझे कान गरम झाले. पाटी दिसली डोळ्यांसमोर, माझ्या नावाची.

"चारुता दाखवेल. ज्ञान तुझं, तोंड तिचं. तू तिला तयार कर."

"सर, मी बोलू शकते."

"रिद्धी, तू बोलायला लागलीस की पोरं जांभया देतात गं."

खरं असेलही. म्हणूनच जास्त लागलं.

घरी आईला सांगितलं. सुकटीतला कचरा निवडता निवडता म्हणाली, "ग्रीस तुजा नि तोंड तिचा. मंग पगार कोनाचा हाय?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

चारुताला शिकवलं. वाटलं होतं हात काळे करायला लाजेल. ओढणी कमरेला बांधून फरशीवर बसली! पटकन शिकते. मध्येच म्हणाली, "अगं, हे सगळं तू शोधलंस? कोणाला सांगितलं का नाहीस?" मनापासून म्हणाली, त्याचाच राग आला.

सगळं सांगितलं. एक सोडून.

लहान मशीनचं बिट वेगळं असतं. गोल दांडीचं, बिनखाचांचं. मशीनचे तीन जबडे त्याला नुसते आवळून धरतात. तिथे पकड हीच सगळी गोष्ट, ग्रीस लावलं की पकड गेली. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात केदार सर दारातून डोकावले. "काय चारुता, तयार ना?" तिलाच विचारलं. मी तिथेच होते, माझ्या हातात ग्रीस होतं.

फडकं घडी करून ठेवलं. म्हटलं, "झालं. एवढंच."

१२ नोव्हेंबर, बुधवार

अजून उद्याचा दिवस आहे. सांगेन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ती पालघरला नवा ड्रेस आणायला गेली होती. भेटलीच नाही. फोन करता आला असता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फार छान बोलत होती. साहेबसुद्धा हसत होते. कुशलभाई म्हणाले, "मॅडम, इतना मक्खन तो हम रोटी पे भी नहीं लगाते," आणि तिने तिथल्या तिथे, "इसीलिए तो रोटी जलती है, भैया." मला असं कधी सुचणार नाही. जन्मात नाही.

मग कुशलभाईंनी लहान मशीन पुढे केली. "इसमें भी?"

"सबमें."

तिने गोल दांडीवर ग्रीस लावलं. छान, पातळ, मी शिकवलं तसं. बिट आवळून भिंतीला टेकवलं आणि चालू केलं. बिट भिंतीत जागचं हललं नाही, मशीनचं तोंडच त्याच्याभोवती गरगर फिरलं. मागून कोणी तरी म्हणालं, "मशीन काम पे है, बिट छुट्टी पे." सगळे हसले. साहेब घड्याळ बघायला लागले.

केदार सर पुढे झाले. "गोल दांडीला ग्रीस? हे कोणी शिकवलं?"

चारुता लाल झाली. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"रिद्धीने नीट सांगितलं होतं, सर. मीच विसरले."

तिला खरंच तसं वाटत होतं. मला वाचवायला म्हणून नव्हे. ती खरं समजूनच म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जागा मला मिळाली. केदार सर म्हणाले, "जांभया परवडल्या."

आईने गल्लीत पेढे वाटले. "माजी पोरगी मास्तरीन झाली, आता मशिनवाल्यांना शिकवील." बाबांनी नवा सदरा घातला.

मला आनंद व्हायला हवा. चारुताला कोणी हसत नाहीये ना, हेच बघत होते दिवसभर. पोरं हसत होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ती महिनाअखेरीला नोकरी सोडणार. डबा खाताना सांगितलं. "तू एवढं समजावलंस आणि माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं. आता मशीन हातात घेतली की वाटतं, आणखी काय विसरलेय? उद्या कोणाचं बोट गेलं तर? मला नाही जमणार हे." वर माझीच माफी मागितली. तुझं नाव खराब होता होता वाचलं, म्हणाली.

तिच्या डब्यात नारळाच्या वड्या होत्या. दोन माझ्या झाकणात ठेवल्या. मी खाल्ल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज माझी पहिली तुकडी. चारुता मागे उभी राहून ऐकत होती. गोल दांडीपाशी आले तेव्हा पोरांना कळेना, म्हणून कुशलभाईंचं मनगट तीन बोटांनी आवळून दाखवलं. मग त्यावर ग्रीस लावून पुन्हा आवळलं. हात सुळकन सुटला. सगळे हसले, पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर.

सगळे गेल्यावर चारुता जवळ आली. माझी तीन बोटं धरून तिने स्वतःच्या मनगटावर ठेवली.

"हे मी विसरले नसते, रिद्धी."

वाटलं, आता रडेल नाहीतर ओरडेल. तिला हायसं वाटलं होतं: ती काही विसरलीच नव्हती.