सुपारीच्या डबीतली सुई

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आज लिहूनच काढते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची. ठाकुर्लीहून रुळांच्या कडेच्या पायवाटेने डोंबिवलीला तुमच्याकडे मोजे विणायचं यंत्र शिकायला यायची. खिडकीपाशी टेबलाला आवळलेलं ते हातयंत्र डोळ्यांसमोर आहे: डब्याएवढा उभा नळा, अंगभर खाचा, प्रत्येक खाचेत एक सुई. सुईला आकडा, आकड्याखाली उघडझाप करणारी इवलीशी जीभ. दांडा फिरवला की बाहेरचं कडं फिरे, त्याच्या आतल्या चढ-उतारावरून सुया एकामागून एक वर जात, धागा पकडून खाली येत. येताना जुना टाका जीभ मिटवून आकड्यावरून निसटे, नवा आकड्यात राही. खाली टांगलेलं वजन विणलेली नळी ओढत राही. हे सगळं पुढे माझं मला कळलं. तुम्ही एवढंच म्हणायचात, "तू दांडा फिरव. आत काय चाललंय त्याच्याशी तुला काय करायचंय?" आणि टाच वळवायची वेळ आली, म्हणजे निम्म्या सुया उचलून दांडा मागेपुढे करायची, की लगेच, "जा गं, पाणी भरून आण."

एका सकाळी तुम्ही देवळातून यायच्या आत मी हौसेने मोज्याची नळी विणून ठेवली. वरपासून खालपर्यंत शिडीसारखी उभी चीर. तुम्ही ती शेजारणीसमोर धरता. "हिला सूत द्या नाहीतर सुतळी द्या, सारखंच." शेजारीण हसते. त्यानंतर वर्षभर मी नुसती रिळं भरली. घरी म्हटलं, माझा हातच वाईट. आई म्हणाली, "पोळी तर गोल लाटतेस, मग मोज्याने तुझं काय घोडं मारलंय?" पण मी विश्वास ठेवला तुमच्यावर. पुढे कित्येक वर्षं चारचौघींत सुईत दोरासुद्धा ओवला नाही.

तुम्ही गेल्यावर तुमची भाची यंत्र घेऊन आली. "मावशीने तुम्हालाच द्यायला सांगितलंय, या डबीसकट." तुमची सुपारीची डबी. आत सुपारी नव्हती, एक सुई होती. मी खाचा पाहत गेले. एक रिकामी. रोज संध्याकाळी यंत्रावर वाकून तुम्ही ही डबी टक्कन मिटायचात, ते आठवलं. तुमच्यामागे कुणी यंत्र चालवू नये म्हणून सुई काढायचात, सकाळी परत बसवायचात. त्या सकाळी मी तुमच्या आधी पोचले, एवढाच माझा गुन्हा. रिकाम्या खाचेला टाका कुठून येणार, बाई? सुई तुमच्या डबीत आणि खोट माझ्या हातात? एकटीचं पोट त्या यंत्रावर होतं, हे कळतं मला. पण जिवंतपणी एक शब्द बोलला असतात तर जीभ झिजली नसती.

ती सुई मी बसवली ती पुन्हा काढली नाही. सुनेला शिकवतेय, एकेक भाग हातात देऊन. तिची चीर पडली तर आधी सुया बघते, मग तिचा हात. हा कागद मात्र घडी करून त्याच डबीत जाईल, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायला तोंड नाही. टाच आली की मी तिला म्हणते, "जा गं, चहा टाक." ती कप घेऊन येते, तोवर टाच वळलेली असते.