अक्काच्या घरातली जादा भिंत

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास बापूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं मासिक मिळालं. बायकोनं पान उघडून पुढ्यात ठेवलं आणि चहा निवाला तरी मी बघतच बसलो. तू आखलेलं, मी बांधलेलं, आपल्या अक्काचं घर. खाली नुसते खांब, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खिडकी, गच्चीवर बाग. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू?

मग आतला फोटो पाहिला. एक खुर्ची, एक फुलदाणी. दोन्ही कोणाची, देव जाणे. अक्काचं शिवणयंत्र कुठं गेलं? कापडाची गाठोडी? शाळेच्या गणवेशांचा ढीग? खाली छापलंय की या घरात अनावश्यक असं काहीही नाही. म्हणजे शिवणयंत्र अनावश्यक, असं आम्ही समजायचं का रे?

अक्का काही बोलेना, म्हणून तिच्या शेजारणीला विचारलं. तिनं सगळं सांगितलं. तू आणि तुझ्या फोटोवाल्यानं यंत्र ढकलत न्हाणीघरात नेलंत. फोटो झाल्यावर तू अक्काला म्हणालास की पुढची खोली अशीच मोकळी शोभते, यंत्र आता मागच्या खोलीत असू दे. आणि त्या बाईनं ऐकलं! महिना झाला, ती मागच्या खोलीत भरदुपारी दिवा लावून शिवतेय. डोळ्यांतून पाणी गळतं. सुई ओवायला शेजारणीला हाक मारते. डॉक्टरांनी बजावलंय की असंच चाललं तर शिवणकाम सोडावं लागेल.

तुझी तत्त्वं मला तोंडपाठ आहेत, वर्षभर ऐकवलीस ना! घर हे राहणाऱ्याच्या कामाचं साधन. आधी काम बघायचं, मग आकार. नक्षी नको, दिखावा नको. मग राहणारीचं काम काय होतं, हे विसरलास? आईवडिलांच्या मागे तिनं ते यंत्र पायांनी रेटलं म्हणून माझ्या हाती थापी आली आणि तुझ्या हाती पेन्सिल. मला उत्तर हवं. सबबी नकोत.

रागावलेला, पण अजून तरी तुझाच,
बापू

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. बापूदादास धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. यंत्र हलवलं ही माझी चूक, ती कबूल. पण सगळा दारूगोळा माझ्यावरच का?

नकाशा काढ आणि नीट बघ. खिडकीच्या मागे एकच लांबरुंद दालन आहे. मध्ये भिंत नाही. घर खांबांनी उचललंय, भिंतींनी नाही. भिंतींवर भार नाही म्हणूनच एवढी लांब खिडकी जमली, म्हणूनच उजेड पार मागच्या टोकापर्यंत पोचणार होता. यंत्राच्या जागेची चौकट मी स्वतः नकाशात आखली होती, दालनाच्या बरोबर मधोमध. तिथं नऊ इंची भिंत कोणी घातली? मी परगावी होतो. परत येऊन बघतो तर पुढे बोळासारखी बैठक आणि मागे कोठडी! गवंडी म्हणाले, बापूशेठना काडीसारख्या खांबांचा भरवसा वाटला नाही, म्हणून आधाराला भिंत घातली. दादा, तुझा आधार आता खालच्या तुळईच्या डोक्यावर ओझं होऊन बसलाय.

त्या बोळात यंत्र आणि गिऱ्हाइकं दोन्ही मावेनात, म्हणून मी मागचं सुचवलं. उजेड तू अडवलास आणि शिव्या मी खातोय.

राग निवला की लोभाची आठवण ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

---

ता. १३ फेब्रुवारी

चि. बापू आणि चि. धाकटा,

दोघांना एकाच कागदावर आशीर्वाद. वेगवेगळे कागद खर्चावे इतके गुणी तुम्ही सध्या नाही.

एकमेकांना लिहिलेली पत्रं दोघांनीही मला नकलून पाठवलीत, जशी काही मी कचेरीच उघडलीय. मी शिवणारी बाई आहे, न्यायाधीश नव्हे. तरी ऐका.

धाकट्या, भिंत बघूनही तू गप्प बसलास. बाहेरून दिसत नाही ना, मग झालं, असं फोटोवाल्याला म्हणालास, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बापू, भिंत चढवताना तू मला म्हणालास की अक्का, तुला आडोसा होईल. भरवसा नसल्याचं अवाक्षर काढलं नाहीस. आणि मी दोघांपुढे मान हलवली, कारण भाऊ मोठे झालेत, हौसेनं घर बांधून देतायत, आपण कशाला मधे तोंड घाला. ही माझी चूक, आणि तिचाच मला जास्त राग येतोय.

परवा एका गणवेशाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक हसलं. मला हसू आलं नाही.

बापू, मला एका ओळीत सांग. त्या भिंतीवर घराचा भार आहे का? असेल तर मी यंत्र विकते. नसेल तर पाडा. मधलं काही ऐकणार नाही.

तुमची,
अक्का

---

ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास बापूचा सा. न.

नाही.

एका ओळीत मागितलंस, दिलं. आता पुढचं वाचायचं तर वाच.

बांधकामाचे टेकू काढल्यावर घर महिनाभर नुसत्या खांबांवर उभं होतं. मी रोज सकाळी जाऊन छताच्या तुळईला दोरी लावून बघायचो. सुताइतकीही वाकली नाही. मला कळलं होतं की धाकट्याचं गणित पक्कं आहे. तरी मी विटा मागवल्या.

झालं असं की गवंड्यांपैकी एकानं मला हसत विचारलं, बापूशेठ, घराला भिंती लागत नसतील तर उद्या आपण काय करायचं? मीही हसलो. पण ते आत रुतलं. विटेवर वीट ठेवत मी माणसांत आलो. आणि कालचं पोर चार रेघा मारून सांगतं की तुझ्या विटेवाचून घर उभं राहतं! म्हणून मी ती भिंत घातली. भरवसा नाही म्हटलं ते निमित्त. तुझा उजेड मी माझ्या मोठेपणापायी अडवला, अक्का.

येत्या रविवारी येतो. घण मी स्वतः मारणार. कापडं झाकून ठेव, धूळ उडेल. आणि चार शब्द बोलायचे असतील तर समोर बोल, मान खाली घालून ऐकेन.

तुझा,
बापू

---

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

भिंत गेली. दुपारपर्यंत मलबा खाली उतरवला. ज्या गवंड्यांनी बांधली तेच बघायला जमले होते आणि घर धरतंय की बसतंय यावर कुजबुजत होते. मी मुद्दाम वरच्या दालनात छताच्या तुळईच्या बरोबर खाली स्टूल टाकून बसलो आणि त्यांना वर यायला सांगितलं. एकही आला नाही. घराला मात्र काही झालं नाही. तुझं गणित बरोबर, माझं डोकं चूक. हे लिहून देतोय, जपून ठेव.

आता तुझं ऐक. मी नकाशा पसरून यंत्र तुझ्या चौकटीत नेऊन ठेवलं. अक्कानं ते तिथून ओढलं. मी हात लावायला गेलो तर मला दूर केलं. एकटीनं यंत्र रेटत दालनाच्या कडेला नेलं आणि खिडकी डाव्या खांद्याकडे येईल असं तिरपं लावलं. मी म्हटलं, अगं, मधोमध केवढी ऐसपैस जागा आहे! ती म्हणाली, मधे समोरून उजेड येतो, डोळे दिपतात. डावीकडून आला की हाताची सावली सुईवर पडत नाही. एवढी साधी गोष्ट! तू वर्षभर तत्त्वं सांगितलीस, मी वर्षभर घर बांधलं, आणि ती कुठं बसते, कशी बसते, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. तुझी ती चौकट खोडून काढ.

मग तिनं दिवा मालवला, दोरा चाटला आणि पहिल्या झटक्यात सुई ओवली. मी डोळे भरून बघत उभा होतो. तिनं मान वर न करता मला दटावलं, बापू, उजेडातून बाजूला हो.

मी झालो. तूही येऊन हो. तोवर आमच्या दोघांवरही माया असू दे, सध्या ती तुझ्याकडेच जास्त शिल्लक असणार.

तुझा,
बापू