तिसरा आग्रह

७ सप्टेंबर

चि. धाकटीस ताईचे अ. उ. आ., परदेशात पुरवून वापरावेत.

पोचल्याचं पत्र मिळालं. इकडे वाचनालय उघडतं, बंद होतं. तुझ्या काउंटरवर सध्या मी बसते. येणारा प्रत्येक वाचक पुस्तक परत करण्याआधी तुझी खुशाली विचारतो आणि मी हसून सांगते. हसून हसून गाल दुखायला लागले आहेत. आईने शेजारणीला सांगितलं की मुलगी परदेशात भाषण करणार आहे, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगंबाई, ही तर इथेच आहे. भाषण म्हटलं की लोकांना अजून मीच आठवते, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

वाचकाने कपाटापर्यंत स्वतः जावं, स्वतःच्या हाताने पुस्तक काढावं, कुणाच्या परवानगीसाठी ताटकळू नये, हे मी घसा कोरडा करून आयुष्यभर सांगत आले. तेच आता तू परिषदेत सांगणार. सांग. फक्त वाक्याच्या शेवटी आवाज पाडू नकोस. वाक्यं माझी आहेत, नीट उभी राहून म्हण.

मला हेवा वगैरे वाटत नाही. झोप लागत नाही ती उकाड्यामुळे.

लोभ आहे तेवढा राहील. वाढवायचा की नाही ते भाषण कसं झालं ते कळल्यावर ठरवीन.

तुझी ताई

१५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाषण बरं झालं. जेवण झालं नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

परिषदेने आम्हा वक्त्यांना एका नावाजलेल्या हॉटेलात नेलं. पांढरीशुभ्र टेबलं, मेणबत्त्या, प्रत्येकापुढे काट्यांची रांग. मी मांस-मासे खात नाही हे परिषदेच्या सचिवबाईंनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे माझ्यासाठी खास मशरूमचा भात केला होता. वर चीज वितळलेलं, वाफ येत होती. वाढप्याने भांडं जवळ आणून विचारलं, वाढू का. मी सवयीने नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी लाजून पुन्हा नको म्हटलं आणि प्लेट जरा पुढे सरकवली. आपल्या घरात पहिलं नको रीतीचं, दुसरं मानाचं आणि तिसऱ्याला ताट पुढे. पण तो मान लववून भांडं आत घेऊन गेला तो गेलाच.

मग मला उकडलेलं गाजर आणि लिंबाची फोड मिळाली. बाकीचे मिटक्या मारत जेवत होते. तुम्ही किती कमी खाता, असं सचिवबाई कौतुकाने म्हणाल्या. मी त्यालाही हो म्हटलं. खोलीवर येऊन आईने दिलेले शेंगदाणे संपवले.

आईला नमस्कार. इथली वाचनालयं बघून दिवाळीपर्यंत परत येईन. पोट रिकामं असलं तरी लोभ भरपूर आहे.

धाकटी

२४ सप्टेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. गाजराचा भाग दोनदा वाचला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. बहीण उपाशी उठली आणि मी दोन घास जास्त जेवले. माझी ही गत झाली आहे.

पण त्या वाढप्याचा मला संताप आला. दोनदा विचारून पाठ फिरवणं याला विचारणं म्हणत नाहीत. जो तिसऱ्यांदा विचारत नाही, त्याला मुळात द्यायचंच नसतं. आपले ग्रंथालय संघाचे अध्यक्ष तरी काय वेगळे? आपल्याच घरी बसून त्यांनी मला विचारलं, परदेशी परिषदेला जाता का. मी म्हटलं, मला कसलं जमतंय. त्यांनी पुन्हा विचारलं, मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बघा. मी चहा गाळायला आत गेले आणि बाहेर येईतो ते तुला विचारून मोकळे आणि तू हो म्हणून मोकळी. एका घरात वाढलो आपण. भाताला दोनदा नको म्हणालीस, अध्यक्षांना एकदा तरी म्हणायचं होतंस.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. आता खोडत नाही.

लोभाबद्दल या पत्रात काही विचारू नये.

ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू अध्यक्षांना मनापासून नको म्हणतेस असं मला वाटलं नव्हतं. तुझं तिसरं उत्तर मला माहीत होतं. म्हणूनच घाई केली. तुझ्या सभांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताना माझे हात लाल व्हायचे. ते सगळंच कौतुक नसायचं, ताई.

आता भाषणाचं. ते संपल्यावर सचिवबाईंनी विचारलं, ही वाक्यं कुणाची. तुमचीच का, असं विचारलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पण त्यांनी कुणाची विचारलं आणि मी तुझं नाव सांगितलं. पुढच्या वर्षीचं मुख्य भाषण तू करावंस असं त्यांचं म्हणणं आहे. उत्तर उलट टपाली हवं आहे.

येशील का? मी एकदाच विचारते आहे. नको म्हणालीस तर मी माझं नाव देणार, आणि या खेपेला तुझा चहा गाळून व्हायची वाट बघणार नाही. जन्मभर लोकांना सांगतेस, कपाटापर्यंत स्वतः जा. जा.

लोभ मागत नाही, उत्तर दे.

धाकटी

१२ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

हो.

आशीर्वाद खाली लिहिते, वर जागा ठेवायला धीर नव्हता. पत्र आलं तेव्हा चहा गॅसवर होता, तो उतू गेला. आई ओरडते आहे, ओरडू दे.

तुझे हात कशाने लाल व्हायचे ते वाचून हलकं वाटलं. घरात जळणारी मी एकटीच आहे असं समजत होते. माझा हेवा मात्र अजून गेलेला नाही. एका होकाराने तो कसा जाईल? परदेशातल्या व्यासपीठावर आधी तू चढलीस, हे कायमचंच राहिलं.

त्या हॉटेलचा पत्ता नीट लिहून आण. तो वाढपी भांडं घेऊन टेबलाकडे निघाला की मी प्लेट पुढे करीन. त्याने तोंड उघडायच्या आत.

अ. उ. आ. आणि लोभ, दोन्ही घे. या खेपेला नको म्हणू नकोस.

तुझी ताई