अर्ध्या कोनाचं उत्तर

बोगादी, म्हैसूर
२० जुलै

चि. सहानास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. उपेंद्रकाकांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण चालायला जायचं नाव नाही. कुशल आणि यशस्विनी शिकवणीला येतात. येलवालच्या बसला हल्ली फार गर्दी असते, म्हणून तू येत नाहीस, असं मी त्यांना सांगितलंय. खोटंच सांगितलं गं.

त्या दिवशी साइन पंधरा अंशांची नेमकी किंमत काढायला दिली होती. माझं ठरलेलं: पंचेचाळीसातून तीस वजा, सूत्र लावा, मोकळे व्हा. सहाचं वर्गमूळ वजा दोनचं वर्गमूळ, भागिले चार. आणि तुझ्या वहीत बघते तर मुळाच्या पोटात दुसरं मूळ! "हे काय?" विचारलं, तर म्हणालीस, "सुम्ने अर्धं केलं, काकू." मला ऐकू आलं, उगीच काहीतरी अर्धंमुर्धं केलं. तुमच्या घरच्या बोलीत 'सुम्ने' म्हणजे नुसतं, सहज. तू तीस अंशांचा नुसता अर्धा कोन घेतला होतास. नीट विचारायला माझं काय जात होतं? पण नाही. "धड मराठी नाही, धड कन्नड नाही, उत्तरही तसलंच, खिचडी!" ती दोघं हसली. मीही हसले.

संध्याकाळी काकांना हे मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्यांनी मोबाइलवर दोन्ही उत्तरं टाकून बघितली. "अगं, हे दोन्ही एकच येतंय की!" मी कागद ओढला. माझ्या उत्तराचा वर्ग केला, तुझ्या उत्तराचा केला. दोन वजा तीनचं वर्गमूळ, भागिले चार. दोन्हींचा तोच. इतकी वर्षं मुलांना नित्यसमानता शिकवतेय, दोन बाजू दिसायला वेगळ्या पण किंमत एकच म्हणून घसा कोरडा करतेय, आणि मलाच मेलं दिसलं नाही.

तेव्हाच तुला फोन करायचा. नाही केला. म्हटलं, येईल तेव्हा बघू.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. मंगळवारी तुझे अप्पा आले होते. आत या म्हटलं तरी दारातच उभे. "पोरगी गणित बेडा म्हणती, मॅडम, नकोच म्हणती. कॉमर्सला घालू काय? तुम्हीच सांगा." आणि मी म्हणाले, "तिला झेपणार नाही, मालोजीराव. घाला."

तुझं उत्तर बरोबर आहे हे कळल्यावर म्हणाले गं मी हे! तू परत आलीस तर त्या दोघांसमोर माझी चूक कबूल करावी लागेल, एवढ्यासाठी. ते मला हात जोडून गेले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

विषय बदलायचा अर्ज सोमवारी द्यायचाय, असं ते म्हणाले होते. देऊ नकोस. माझ्याकडेच ये असं म्हणत नाही, दुसरीकडे शीक. पण गणित सोडू नकोस. कुशल-यशस्विनीला उद्या तुझी रीत फळ्यावर दाखवणार आहे, तुझं नाव घेऊन. मी काय बोलले होते तेही सांगणार आहे.

अप्पांना दोनदा फोन लावला, आणि ते 'हॅलो' म्हणताच ठेवून दिला. म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी त्यांनी वाचावं.

तुझी
रजनी
(काकू म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)